कारखान्यातील नेटवर्क स्विच : निवड कशी करावी?

अंमळनेरला १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तेलाचा कारखाना काढला. त्याच कंपनीची पुढे विप्रो ही संगणक क्षेत्रातील बडी कंपनी झाली. तेव्हा संगणक ही खानदेशाला परकी चीज नाही. परंतु आपले कारखानदार बंधू लाखोंचे यंत्र दहा ठिकाणी पारखून घेतात आणि त्या यंत्राला संगणकाशी जोडणारी वीतभर पेटी मात्र दुकानात स्वस्त दिसेल ती उचलतात. या पेटीलाच नेटवर्क स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही.

यंत्र, संगणक, कॅमेरे, इलेक्ट्रॉनिक काटा या सर्वांच्या तारा या पेटीत येतात आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेमका पोचवण्याचे काम ती करते. ती बंद पडली की सर्वच मुके. धुळ्याच्या साध्या यंत्रमागाला तिची गरज नाही. परंतु ज्यांनी रॅपियर किंवा एअरजेट माग बसवून उत्पादनाची नोंद संगणकावर घेणे सुरू केले, किंवा जळगावात ज्यांचे चटईचे, पाइपचे कारखाने व दालमिली आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट उष्णता. ऑफिसात वापरायचे अनेक स्विच ४० अंशांपर्यंतच चालतील असे त्यांच्या कागदावरच लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखाली, बंद पॅनेलमध्ये तो आणखी चढतो. म्हणजे पेटी पहिल्याच उन्हाळ्यात आपल्या मर्यादेबाहेर काम करते. कारखान्यासाठी बनवलेले स्विच ६० किंवा ७५ अंशांपर्यंत चालतात. कागदावर दोन आकडे असतात: एक चालू असतानाचा, ‘ऑपरेटिंग’, दुसरा गोदामात ठेवण्याचा, ‘स्टोरेज’. दुसरा मोठा असतो. विक्रेता कोणता दाखवतो ते पाहा. आपल्या कामाचा पहिलाच.

दुसरी गोष्ट धूळ. मागाच्या शेडमध्ये तूस उडते, दालमिलमध्ये भुसा. पंखा असलेला स्विच हे सर्व आत ओढून घेतो व गुदमरतो. म्हणून बिनपंख्याचा, धातूच्या अंगाचा स्विच घ्यावा. त्यावर ‘आयपी’ असा आकडा असतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ३० म्हणजे बोट किंवा जाड तार आत जाणार नाही इतकेच, धूळ जाईल. असा स्विच चांगल्या बंद पॅनेलमध्येच बसवावा. उघड्यावर, पाणी उडते तेथे आयपी ६७ लागतो. पॅनेल पत्र्याजवळ उंच लावू नये, कारण गरम हवा वरच जमते.

तिसरी गोष्ट वीज. लाइट जाते, येते, व्होल्टेज उड्या मारते. औद्योगिक स्विच बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालतो आणि चांगल्या स्विचला दोन ठिकाणांहून वीज घेता येते. एक जोड पॅनेलच्या सप्लायची, दुसरी बॅटरीची ठेवावी. एक गेली तरी काम थांबत नाही. अर्थिंग मात्र पक्के हवे. त्याविना महागडा स्विचही व्यर्थ.

चौथी गोष्ट तारा. तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची. मोटारीच्या व ड्राइव्हच्या केबलबरोबर ती एकाच नळीत घालू नये, निरोप बिघडतात. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचे असेल तर फायबर घालावी. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून पावसाळ्यातल्या विजेचा तडाखा त्या वाटेने येत नाही.

पाचवी गोष्ट दुहेरी रस्ता. स्विच गोलाकार जोडले तर एक तार तुटल्यावर निरोप उलट्या वाटेने जातात. परंतु यासाठी ‘मॅनेज्ड’ स्विचच लागतो. साध्या स्विचमध्ये असा गोल झाला तर निरोप आतल्या आत फिरत राहतात व सारे नेटवर्क ठप्प होते. कारागिराला हे बजावून ठेवावे.

आता खर्च. औद्योगिक स्विच साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. म्हणून सगळीकडे तोच लावणे हाही इसराफच. मुनीमजींच्या थंड खोलीत साधा स्विच खुशाल चालतो. यंत्राजवळ मात्र हात आखडू नये. हिशेब सोपा आहे: स्विच बंद पडला तर यंत्र किती तास थांबेल, किती कारागीर बसून राहतील, कोणाला दिलेली मालाची तारीख चुकेल? त्या नुकसानीशी दोन किमतींतला फरक ताडून पाहावा. शक्य असेल तर एक स्विच शिल्लक ठेवावा. रविवारी दुपारी दुकान बंद असते.

आणि जे बंधू हा माल विकतात त्यांच्यासाठी दोन शब्द. मालातील ऐब सांगून विकणे ही आपल्या तिजारतीची रीत आहे. ४० अंशांचा स्विच भट्टीजवळ चालणार नाही हे गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगा. एक सौदा जाईल, पण गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारी येईल. बरकत तिथेच आहे.