स्पंजांच्या अळ्या आणि सागरी क्षेत्रांचे रक्षण

स्पंज हा प्राणी एकदा खडकाला चिकटला की तेथून हलत नाही. त्याचा दूरवर प्रसार होतो तो मुख्यतः अळीच्या अवस्थेत. केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिकांच्या साहाय्याने ही अळी पोहते. परंतु तिला तोंड नसते. अंड्यातून मिळालेल्या पोषकद्रव्याच्या शिदोरीवरच ती जगते. त्यामुळे उथळ पाण्यातील बहुतेक जातींत तिचे भ्रमण काही तासांत वा थोड्या दिवसांतच संपते. खोल समुद्रातील स्पंजांच्या अळ्या क्वचितच पाहावयास मिळतात. म्हणून तेथील वस्त्यांचे परस्परसंबंध जनुकांची तुलना व प्रवाहांचे गणित यांवरून अजमावले जातात.

हेच गणित आपल्या किनाऱ्यास लावून पाहता येईल. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आंग्रिया बँक हे प्रवाळयुक्त जलमग्न पठार आहे. सेकंदास २० सेंटिमीटर वेगाचा प्रवाह दिवसाला सुमारे १७ किलोमीटर जातो. म्हणजे हे अंतर तोडण्यास सहा दिवस लागतील. तेही प्रवाह सरळ त्याच दिशेने असल्यास. प्रत्यक्षात किनारी प्रवाह पावसाळ्यात प्रामुख्याने दक्षिणेकडे व हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

तात्पर्य, एका ठिकाणचे स्पंज ट्रॉल जाळ्यांनी खरवडले गेले, तर दुसरीकडून अळ्या येऊन ती उणीव भरून निघेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक वस्तीचे, तसेच मधल्या लहान खडकाळ टप्प्यांचेही रक्षण होणे आवश्यक आहे.