पापण्यांची आकडी, कोरडे डोळे आणि प्रकाशाचा त्रास

मनुष्य जागा असताना त्याच्या पापण्या मिनिटाला साधारणपणे १५ ते २० वेळा मिटतात आणि उघडतात. ही क्रिया इतक्या सहजपणे घडते की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. कालगणनेतील 'निमिष' हे सूक्ष्म परिमाण पापणीच्या या हालचालीवरूनच आले आहे. देवांच्या पापण्या लवत नाहीत अशी प्राचीनांची समजूत होती. महाभारतातील नलोपाख्यानात नळाचे रूप घेऊन स्वयंवरास आलेले देव दमयंतीने ज्या खुणांवरून ओळखले, त्यांत न लवणाऱ्या पापण्या ही एक खूण होती. पापणी लवणे हे मर्त्य माणसाचे लक्षण मानले गेले ते असे.

काही माणसांच्या बाबतीत मात्र हे सहज लक्षण मर्यादा सोडते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, उजेड सहन होत नाही, पापण्या वारंवार आणि जोराने मिटू लागतात; पुढेपुढे त्या मिटल्या की इच्छा असूनही उघडत नाहीत. अशा रुग्णाचे डोळे तपासले तर त्याची दृष्टी पुष्कळदा उत्तम असते. तक्त्यावरील अगदी खालची ओळही तो वाचू शकतो. पण रहदारीचा रस्ता एकट्याने ओलांडणे त्याला शक्य होत नाही. कोरडेपणा, प्रकाशाचा त्रास आणि पापण्यांची आकडी या तीन तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्या एकमेकींना बळ देतात, हे ध्यानी घेतल्याखेरीज या विकाराशी सामना करता येत नाही.

अश्रूंचे आवरण

अश्रू केवळ रडतानाच येतात असे नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. या थराचे तीन घटक आहेत. बाहुलीपुढील पारदर्शक पटलालगत श्लेष्मल द्रव्य असते. त्यामुळे पाणी पृष्ठभागाला धरून राहते. त्यावर अश्रुग्रंथीतून आलेले पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा तलम पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येते. या ग्रंथींचे वर्णन हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये केले आणि त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. तेल पुरेसे नसेल तर पाणी लवकर उडून जाते. म्हणूनच डोळ्यांतून सारखे पाणी वाहत असतानाही डोळे कोरडे असू शकतात. पृष्ठभाग कोरडा पडून खुपू लागला की अश्रुग्रंथी एकदम पुष्कळ पाणी सोडते, पण ते टिकत नाही.

कोरडेपणाची कारणे अनेक आहेत. वाढते वय, स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतरचे बदल, पापण्यांच्या कडांची सूज, सर्दी-पडशावरील आणि नैराश्यावरील काही औषधे ही त्यांपैकी काही होत. हेन्रिक श्येग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ मध्ये डोळे, तोंड आणि सांधे यांना एकाच वेळी ग्रासणाऱ्या विकाराचे सविस्तर विवेचन केले. तोही या कोरडेपणाच्या मुळाशी असू शकतो. उत्तर भारतातील उन्हाळ्यातील लू, राजस्थानातील धूळ, चुलीचा धूर, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा यांनी त्यात भर पडते. वाचताना किंवा संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते.

लहान मुलाचे डोळे कोरडे दिसू लागले आणि संध्याकाळनंतर ते चाचपडू लागले, तर तो प्रकार निराळा समजावा. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने असे होते आणि विलंब केल्यास दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो. याच कारणास्तव भारतात १९७० मध्ये मुलांना 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

प्रकाश का बोचतो

बाहुलीपुढील पारदर्शक पटल हा शरीरातील सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. तेथील संवेदना मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाचव्या जोडीमार्फत वाहून नेल्या जातात. अश्रूंचे आवरण फाटले की हे तंतू उघडे पडतात. मग साधा वारा आणि साधा उजेडही वेदना देऊ लागतो.

याखेरीज आणखी एक मार्ग अलीकडे समजून आला आहे. दृष्टिपटलातील काही पेशी आकृती पाहण्याच्या कामी फारशा येत नाहीत. त्या केवळ उजेडाचे मान मेंदूस कळवितात. इ. स. २००० च्या सुमारास व त्यानंतर या पेशींचा उलगडा झाला. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर प्रकाशास त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. प्रकाशाच्या त्रासात त्यांचा वाटा असावा असे मानले जाते. काही रुग्णांना गुलाबी छटेच्या विशिष्ट भिंगांनी आराम पडतो, तो या तरंगलांबीचा प्रकाश त्यांत अडविला जातो म्हणून. 'एफएल-४१' या नावाने ही छटा ओळखली जाते.

येथे रुग्णाच्या हातून हमखास घडणारी एक चूक सांगणे अवश्य आहे. त्रास वाचविण्यासाठी तो घरातही गडद काळा चष्मा लावून बसतो, खिडक्या बंद करतो, पडदे ओढतो. डोळे काळोखाला सरावतात आणि पुढे मंद उजेडही असह्य होतो. उन्हात काळा चष्मा अवश्य वापरावा. घरात मात्र फिकट छटेचा चष्मा वापरून उजेडाची सवय हळूहळू वाढवावी, हे अधिक हिताचे असते. प्रकाशाचा त्रास एकाएकी सुरू झाला, डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर चष्म्यावर विसंबून न राहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

लवणे आणि आकडी

डोळा लवण्याला आपल्याकडे शकुनाचा अर्थ आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारी प्रवेश करताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि तिचे मन शंकेने भरते. हे लवणे म्हणजे एका पापणीतील काही स्नायूतंतूंची क्षणिक थरथर होय. जागरण, थकवा, मनावरील ताण आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळे ती होते आणि बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप थांबते. तिचे भय बाळगण्याचे कारण नाही.

आकडी हा याहून वेगळा विकार आहे. त्यात दोन्ही डोळ्यांभोवतीचे वर्तुळाकार स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. तो बहुधा पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. आरंभी पापण्या नेहमीपेक्षा अधिक वेळा लवतात एवढेच जाणवते आणि केवळ कोरडेपणाची तक्रार म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. झोपेत हे आचके थांबतात. चेहऱ्याच्या एकाच बाजूचा डोळा, गाल आणि ओठ ओढले जात असतील व झोपेतही तसे होत असेल, तर मात्र तो विकार निराळा असतो. त्या बाजूच्या मज्जातंतूवर रक्तवाहिनीचा दाब पडणे हे त्याचे नेहमीचे कारण होय.

पापण्यांच्या या उपद्रवाची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्राचे ७६ रोग सांगितले आहेत. पापण्यांच्या २१ रोगांत पापण्या अतिशय चाळविणारा 'निमेष' नावाचा रोग आहे आणि संपूर्ण नेत्राच्या रोगांत 'शुष्काक्षिपाक' आहे. युरोपात हेन्री मेज या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने १९१० मध्ये चेहऱ्याच्या अशा आचक्यांचे वर्णन केले. तथापि पुढे कित्येक दशके हा मनाचा आजार आहे असेच अनेकांना वाटत राहिले. याचे एक कारण रोगाच्या स्वरूपातच होते. बोलताना, गुणगुणताना, काही चघळताना किंवा कपाळाच्या कडेला बोट टेकविताच पुष्कळ रुग्णांच्या पापण्या क्षणभर मोकळ्या होतात. डॉक्टरांशी बोलताना डोळे उघडे आणि बाहेर पडताच बंद, असे पाहिल्यावर रुग्ण सोंग करीत आहे असा संशय येत असे.

१९७६ मध्ये डेव्हिड मार्सडन या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने हा मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणाचा विकार असल्याचे साधार मांडले. पीटर ब्रूगेल या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या नावावर असलेल्या, तोंड वासलेल्या माणसाच्या एका चित्रावरून त्याने या लक्षणसमूहास ब्रूगेलचे नाव दिले. बोट टेकविताच आकडी सुटणे ही लबाडीची खूण नसून या विकाराची ओळखण आहे, हे आता मान्य झाले आहे. डोळ्यांकडून येणारा संवेदनांचा मारा आणि त्याला मेंदूने दिलेला अवाजवी प्रतिसाद यांतून हे चक्र चालू राहते, असे मानले जाते. मानसिक ताणाने आकडी वाढते हे खरे. पण म्हणून ताण हेच तिचे मूळ ठरत नाही.

विषाचे औषध

या विकारावरील आजच्या प्रमुख उपचाराचा इतिहास मोठा विलक्षण आहे. जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात खराब मांस खाऊन माणसे मरत. युस्टिनस केर्नर या वैद्याने, जो कवीही होता, १८२० आणि १८२२ मध्ये या विषबाधेवर ग्रंथ लिहिले आणि हेच विष अत्यल्प मात्रेत अति चाळवलेल्या मज्जासंस्थेस शांत करू शकेल असा तर्क मांडला. तो खरा ठरण्यास दीड शतक लागले. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट याने तिरळेपणासाठी या बोट्युलिनम विषाचा उपयोग करून त्याचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध केले. १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांची आकडी या दोहोंसाठी त्यास मान्यता मिळाली.

हे औषध पापण्यांभोवतीच्या स्नायूंत अगदी थोड्या मात्रेत टोचले जाते. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारी आज्ञा त्यामुळे तात्पुरती अडते. काही दिवसांत गुण दिसू लागतो आणि तो सुमारे तीन महिने टिकतो. नंतर पुन्हा टोचून घ्यावे लागते. यामुळे रोग समूळ जात नाही; पण डोळे उघडे राहतात. वरची पापणी काही काळ खाली येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि पापणी पुरती न मिटल्याने कोरडेपणा वाढणे हे त्याचे संभाव्य दुष्परिणाम होत. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यानेही अश्रूंची काळजी सोडू नये. या उपायाने भागत नाही अशा थोड्या रुग्णांत स्नायूचा काही भाग शस्त्रक्रियेने काढतात.

दैनंदिन व्यवहार

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. दिवसातून चारापेक्षा अधिक वेळा ते घालावे लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब घेणे बरे. कारण ते द्रव्यच पृष्ठभागास त्रास देते. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. त्यामुळे ग्रंथींतील घट्ट झालेले तेल सुटे होते. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये. वाचताना अधूनमधून नजर दूर न्यावी आणि पापण्या सावकाश पूर्ण मिटाव्यात. पुस्तक वा पडदा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवल्यास डोळे कमी उघडे राहतात आणि पाणीही कमी उडते.

डोळ्यांत मध, गुलाबपाणी किंवा काजळ घालण्याची चाल अनेक घरांत आहे. या विकारात तिने अपायच होण्याचा संभव असतो. त्याहून घातक सवय म्हणजे दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणणे. त्यांनी लाली झटकन जाते, पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. नेहमीची औषधेही आपल्या मनाने बंद करू नयेत. ती कोरडेपणा वा आचके वाढवीत आहेत काय, हे डॉक्टरांना विचारावे.

कोणत्या वेळी आणि कशामुळे डोळे मिटतात याची रुग्णाने साध्या वहीत नोंद ठेवावी. आकडी भर रस्त्यात येऊ शकते, म्हणून ती आटोक्यात येईपर्यंत वाहन चालवू नये; जिन्यावरून उतरताना कठडा धरावा. ज्या युक्तीने पापणी सुटते ती युक्ती, मग ते गुणगुणणे असो की लवंग चघळणे, निःसंकोच वापरावी.

न दिसणारे अंधत्व

हरमन स्नेलन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजही दृष्टी मोजण्याचे मुख्य साधन आहे. भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारविषयक कायद्यातही अंधत्वाची व्याख्या दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र यांवरच आधारलेली आहे. डोळा उघडला तर किती दिसते, हे या मापाने कळते. तो दिवसाकाठी किती वेळ उघडा राहतो, हे मात्र त्यात येत नाही. त्यामुळे पापण्यांच्या आकडीने ग्रासलेला माणूस कागदोपत्री डोळस ठरतो आणि भर दुपारी भिंत चाचपीत चालतो.

अशा माणसाला 'जरा डोळे उघडून बघ' असे म्हणणे म्हणजे लंगड्याला पळावयास सांगण्यासारखे आहे. प्रयत्नाने ताण वाढतो आणि पापण्या अधिकच घट्ट मिटतात. लोक काय म्हणतील या संकोचाने तो समारंभास जाणे टाळतो आणि हळूहळू घरातच कोंडला जातो. घरच्यांनी त्याच्या हाताला हात द्यावा, रस्ता ओलांडताना थांबावे आणि पापण्या सुटेपर्यंत घाई करू नये. डॉक्टरांकडे जाताना सोबत जाऊन घरी काय घडते ते सांगावे. कारण तपासणीच्या त्या पाच मिनिटांत रुग्णाचे डोळे कदाचित सताड उघडे असतील.