मुलगी वयात येताना : मातापित्यांचे कर्तव्य

मुलीला पहिले न्हाण येणे हा आपल्याकडे एकेकाळी सोहळ्याचा प्रसंग मानला जाई. तिला मखरात बसवीत, सुवासिनी तिची ओटी भरीत, गोडधोड जेवण होई. मात्र सोहळा आटोपताच दर महिन्याला तिला ‘बाजूला’ बसावे लागे आणि ‘कावळा शिवला’ एवढ्या दोन शब्दांत सारा विषय मिटविला जाई. शरीरात नेमके काय घडले, हे तिला ना मखरात बसविताना कोणी सांगितले, ना बाजूला बसविताना. मखर आता बहुतेक घरांतून गेले. मौन मात्र अनेक घरांत अद्याप टिकून आहे.

या मौनाचा भार मुलीवर पडतो. पूर्वकल्पना नसलेली मुलगी प्रथम रक्तस्राव पाहते, तेव्हा आपणास एखादा रोग जडला असे तिला वाटते. ती डागाळलेले कपडे लपविते, ओली घडी अंधाऱ्या कोपऱ्यात वाळविते, प्रसंगी शाळा बुडविते. आईला जे विचारता आले नाही, ते मैत्रिणींकडून वा मोबाइलवरून अर्धवट कळते आणि भीती अधिकच वाढते.

निसर्गाची पूर्वसूचना

वास्तविक निसर्ग या बदलाची सूचना बराच काळ अगोदर देतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या प्रेरणेने बीजकोश कार्य करू लागतात आणि बहुधा ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान मुलीच्या स्तनांची वाढ सुरू होते. त्यानंतर काखेत व जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते, चेहऱ्यावर मुरमे दिसू लागतात. पहिली पाळी स्तनांच्या वाढीस प्रारंभ झाल्यानंतर साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी येते. त्यापूर्वी काही महिने थोडा पांढरा स्राव जाऊ लागतो. त्यास दुर्गंधी वा खाज नसेल, तर तो स्वाभाविक समजावा.

म्हणजेच मातापित्यांच्या हाती सुमारे दोन वर्षांचा अवधी असतो. सर्व माहिती पाळी आल्यावर घाईघाईने सांगण्यापेक्षा ती या अवधीत थोडी थोडी सांगावी, हेच सुज्ञपणाचे.

संभाषण कसे करावे

मुलीला समोर बसवून व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना किंवा शेताच्या वाटेवर हा विषय सहज निघू शकतो. अवयवांची नावे सांकेतिक न ठेवता स्तन, योनी, गर्भाशय असे सरळ शब्द वापरावेत. मुलीचे प्रश्नही साधेच असतात.

“आई, पाळी म्हणजे जखम होते का गं?”

“नाही बाळ. पोटात गर्भाशय असतं. दर महिन्याला त्याला आतून एक मऊ अस्तर येतं. बाळ राहिलं नाही की त्या अस्तराची गरज उरत नाही; ते रक्ताबरोबर बाहेर पडतं.”

“मग ते रक्त घाण असतं का?”

“मुळीच नाही. आपल्याच शरीरातलं रक्त ते. स्वच्छता ठेवायची, एवढंच.”

“शाळेत असताना आली तर?”

“दप्तरात एक घडी आणि चड्डी ठेवू या. बाईंना सांगायचं, लाजायचं नाही.”

उत्तर ठाऊक नसल्यास आरोग्यसेविकेस विचारून सांगण्याचे आश्वासन द्यावे व ते पाळावे. ‘एवढ्यात तुला काय करायचे आहे?’ असे उत्तर मिळालेली मुलगी सहसा दुसऱ्यांदा विचारीत नाही. आपल्या शरीरास कोणी नकोसा स्पर्श केल्यास तो दोष तिचा नव्हे आणि ते घरी निर्भयपणे सांगावे, हेही याच ओघात बिंबवावे. अडचणीच्या प्रसंगी १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर बालकांना साहाय्य मिळते.

स्वच्छता व आहार

पाळी बहुधा दोन ते सात दिवस राहते. आरंभीची दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते. २१ ते ४५ दिवसांचे अंतर या वयात स्वाभाविक होय. पाळीचा पहिला दिवस दिनदर्शिकेवर नोंदण्याची सवय लावावी. पॅड किंवा कापडी घडी दर चार ते सहा तासांनी बदलावी. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा ते मोकळ्या हवेत पूर्ण सुकवून वर इस्त्री फिरवावी. दमट कापड कदापि वापरू नये.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून तांबडा माठ, चवळी, कुळीथ, अंडी, मासळी यांतील जे परवडेल ते तिच्या ताटात असावे. सोबत लिंबू वा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा टाळावा. शाळेतून वा अंगणवाडीतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी चुकवू नये.

घरातील इतरांची भूमिका

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना शिवाशिव पाळावीशी वाटल्यास त्यांच्याशी वाद मुलीच्या देखत घालू नये. परंतु तिचे स्नान, पोटभर जेवण, कोरडे अंथरूण आणि शाळा यांत खंड पडता कामा नये, हे मातेने ठामपणे सांभाळावे. पित्यानेही हा विषय बायकांचा म्हणून झटकू नये. बाजारातून पॅड आणणे, भावांना थट्टा करू न देणे, न्हाणीघरास आडोसा व कडी करून देणे, एवढ्यानेही मुलीला आधार वाटतो. शिक्षकांनी शौचालयात पाणी आहे की नाही ते पाहावे, एखादा पॅड राखून ठेवावा आणि अनुपस्थितीचे कारण भर वर्गात विचारू नये.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

आठव्या वर्षापूर्वीच स्तनांची वाढ सुरू झाल्यास, तेराव्या वर्षापर्यंत ती न झाल्यास किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न आल्यास मुलीस डॉक्टरांना दाखवावे. सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, तासा-दोन तासांत पॅड भिजणे, दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक अंतर, शाळा बुडण्याइतकी पोटदुखी ही लक्षणे दिसली तरीही प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशनाची तरतूद आहे. तिचा लाभ पालकांनी अवश्य घ्यावा.

आईने आज सांगितलेल्या चार गोष्टी मुलगी उद्या धाकट्या बहिणीला सांगेल. ज्या घरात मुलगी नववे-दहावे वर्ष ओलांडत आहे, तेथे या संभाषणास आजच प्रारंभ व्हावा.