पवित्र शास्त्राच्या देशातील काच

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील उपदेशकांचा वर्ग भरला असता प्रकटीकरणाचा २१ वा अध्याय वाचावयास होता. नव्या यरुशलेमेचे वर्णन चालले असता एका तरुण उपदेशकाने विचारले की, नगरी शुद्ध सोन्याची आणि ते सोने काचेसारखे, हे कसे? सोन्यातून आरपार दिसत नाही आणि काच तर आठवड्याच्या बाजारात चार पैशांस मिळते. मग स्वर्गीय नगरीस तिची उपमा दिल्याने मोठेपणा तो काय वाढला? वर्गात थोडा हशा झाला, परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एका बंधूंनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायावर उपदेश केला आणि आरशात अंधुक दिसते ह्याचे कारण असे सांगितले की, पौलाच्या आरशाचा पारा उडाला होता. ह्या वेळी कोणी हसले नाही. आम्हीही त्यांस दोष दिला नाही, कारण वीस वर्षांपूर्वी हाच पारा आम्ही स्वतः व्यासपीठावरून उडविला होता.

शास्त्रातील वस्तू त्या काळी कशी होती हे ठाऊक नसले म्हणजे आपण आपल्या घरातील वस्तू तेथे नेऊन ठेवितो, आणि मग अर्थ वाकडा होतो. म्हणून काच कशी होते व पवित्र शास्त्राच्या देशात ती कशी होत असे, हे ह्या पाठात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

काचेचे मूळ वाळू होय. पण वाटेल ती वाळू नव्हे, तर जिच्यात गारेचा अंश पुष्कळ आहे अशी. नुसती शुद्ध वाळू वितळविण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि लाकडाच्या भट्टीत ती मिळत नाही. त्यात खार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर, सुमारे ११०० अंशांवर, वितळू लागते. परंतु वाळू आणि खार ह्या दोहोंचीच काच केली तर ती पाण्यात हळूहळू विरघळून जाते. म्हणून तिसरा पदार्थ लागतो, तो चुना. चुना काचेस टिकाऊ करितो. वाळूत लोहाचा अंश असला की काचेस हिरवट छटा येते. ती घालविण्यासाठी मँगनीज नावाच्या धातूची माती किंचित मिसळतात.

हे तीन पदार्थ वितळून थंड होताना जे घडते ते आपल्या भगिनींनी चुलीपाशी पाहिलेले आहे. साखरेचा पाक कढवून ताटलीत ओतला आणि दाणा न धरता तो थंड झाला, तर गोळी पारदर्शक होते; दाणा धरला की ती पांढरी व आंधळी होते. काच म्हणजे दाणा न धरता गोठलेला पाकच होय. प्रमाण चुकले की तीही दाणा धरते आणि मग ती काच राहत नाही.

प्लिनी नावाच्या रोमी लेखकाने काचेच्या शोधाची एक कथा लिहून ठेविली आहे. पौल ज्या प्तलमैस बंदरात एक दिवस राहिला (प्रेषितांची कृत्ये २१:७), त्याच्या जवळ बेलुस नावाची लहान नदी समुद्रास मिळते. तेथे खाराच्या व्यापाऱ्यांनी स्वयंपाकासाठी चुलीस दगड मिळेनात म्हणून खाराचीच ढेपे मांडली, आणि त्यांच्या विस्तवाने वाळू वितळून काच वाहू लागली, अशी ती कथा आहे. उघड्या चुलीवर तेवढी उष्णता उत्पन्न होत नाही, तेव्हा कथा खरी मानता येत नाही. पण त्या वाळूची कीर्ती खरी होती. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आपोआप मिसळलेला असल्यामुळे चुना वेगळा घालावा लागत नसे. खार मिसर देशातील एका खाऱ्या सरोवरांच्या खोऱ्यातून येई. यिर्मया २:२२ मध्ये अंग धुण्याच्या ज्या खाराचा उल्लेख आहे तो हाच. आपल्याकडील पापडखाराच्या जातीचा तो पदार्थ समजावा. मोशेने जबुलून व इस्साखार ह्यांस आशीर्वाद देताना वाळूतील गुप्त निधीविषयी जे म्हटले (अनुवाद ३३:१९), त्याचा अर्थ जुने यहूदी शास्त्री काच असाच करीत.

ह्या देशात काच करण्याचे काम दोन ठिकाणी होत असे. एके ठिकाणी मोठ्या भट्टीत वाळू व खार कित्येक दिवस तापवून काचेची प्रचंड लादी पाडीत. ती फोडून तिचे तुकडे गावोगावच्या कारागिरांस विकीत. आणि ते कारागीर आपल्या लहान भट्टीत तुकडे पुन्हा वितळवून भांडी घडवीत. म्हणजे आपल्याकडे ढेप एकीकडे होते आणि लाडू दुसरीकडे वळतात, तसे. अशा १७ मोठ्या भट्ट्या एकाच जागी, हदेरा शहराजवळ, सापडल्या आहेत.

अशीच एक लादी गालील प्रांताच्या नैर्ऋत्येस बेथ शआरीम येथे आहे, आणि तिची हकिकत मन लावून ऐकण्यासारखी आहे. १९५६ साली तेथील एका जुन्या हौदाच्या गुहेची साफसफाई चालली असता जमिनीत एक भला मोठा खडक लागला. तो हालेना, म्हणून तसाच ठेवून भोवती फरसबंदी केली. पुढे १९६३ साली परीक्षकांच्या ध्यानात आले की, हा खडक नसून काच आहे! सुमारे ११ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, दीड फूट जाड, आणि वजन सुमारे ९ टन. एवढी काच वितळविण्यास पाच ते दहा दिवस अहोरात्र जाळ घालावा लागला असावा, असा विद्वानांचा अंदाज आहे. इतके करून ती कोणी फोडली नाही व विकली नाही, कारण ती बिघडली होती. तिच्यात चुना सुमारे १६ टक्के आहे, म्हणजे लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ती दाणा धरून आंधळी झाली.

एवढा चुना आला कोठून? लादी बहुधा इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभीची आहे. त्या सुमारास मिसरचा खार मिळेनासा होऊन कारागीर झुडुपांच्या राखेचा खार वापरू लागले होते. राखेत मुळातच चुना असतो, आणि समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुना होताच. वाळू चांगली होती, राखही चांगली होती. पण जुन्या खारासाठी पारखलेली वाळू नव्या खाराशी जुळली नाही, असा तज्ज्ञांचा कयास आहे. त्या भट्टीवाल्याने दहाव्या दिवशी भट्टी उघडली असेल तेव्हा त्याच्या मनाची काय स्थिती झाली असेल, ह्याचा विचार ज्यांनी उभे पीक गारपिटीत गमावले आहे त्यांनीच करावा.

आता ह्याहून पुष्कळ मागे जाऊ. ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकाच्या सुमारास मेसोपोटेमिया व मिसर ह्या देशांत काचेची भांडी प्रथम होऊ लागली. त्या वेळी काच फुंकण्याची युक्ती कोणास ठाऊक नव्हती. सळईच्या टोकास माती व शेण ह्यांचा गोळा थापून त्याला कुपीचा आकार देत. त्यावर तापलेल्या काचेचे पेड गुंडाळीत. आणि थंड झाल्यावर आतील माती टोकरून काढीत. एका वितीहून लहान कुपीस एवढा खटाटोप! अशी कुपी राजवाड्यात किंवा देवळातच असावयाची. म्हणून ईयोबाच्या २८ व्या अध्यायात ज्ञानाची किंमत सांगताना १७ व्या वचनात सोन्याच्या पंक्तीस काच बसविली आहे. सबंध जुन्या करारात इब्री भाषेतील काचेचा शब्द ह्या एकाच ठिकाणी येतो.

आरसा मात्र काचेचा नव्हता. निवासमंडपाचे गंगाळ स्त्रियांच्या आरशांचे केले असे निर्गम ३८:८ मध्ये सांगितले आहे. काचेच्या आरशांचे पितळी गंगाळ कसे होईल? ते आरसे घासून लखलखीत केलेल्या काशाचे होते. ईयोब ३७:१८ मध्ये आकाशास ओतीव आरशाची उपमा आहे, तीही धातूच्या आरशाची. पौलाच्या काळीही चेहरा पाहण्याचा आरसा धातूचाच असे, आणि करिंथ शहर तर काशाच्या कामासाठी नावाजलेले. उत्तम घासलेल्या काशातही चेहरा ओळखू येतो, पण रंग पिवळट व कडा धूसर दिसतात. विश्वास बसत नसेल तर चिंचेने घासलेल्या ताम्हनात पाहावे. पौलाचा आरसा बिघडलेला नव्हता. तो नवा असतानाही तेवढेच दाखवीत असे.

काच फुंकण्याची युक्ती निघाली ती ह्याच भागात. १९६९ नंतरच्या वर्षांत नहमान अविगाद ह्यांनी यरुशलेमेच्या यहूदी मोहल्ल्यात खोदकाम केले. तेथे शुद्धीकरणाच्या एका जुन्या हौदात काचेच्या कारखान्याचा केरकचरा भरलेला सापडला. त्यात काचेच्या बारीक नळ्या होत्या, आणि काही नळ्यांचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने फुंकून लहान फुगे केलेले होते. हा कचरा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील, हेरोद राजाच्या पूर्वीचा आहे. फुंकलेल्या काचेचा ह्याहून जुना पुरावा सहसा दाखविता येत नाही. लोखंडी नळी पुढे आली.

नळी आल्यावर काम असे होऊ लागले. भट्टीतील मधासारखी दाट काच नळीच्या टोकावर घेतात. गुळगुळीत फरशीवर लोळवून सारखी करितात. मग फुंकतात, फिरवितात, पुन्हा भट्टीत धरितात. फिरविणे क्षणभर थांबले तर काच एका बाजूस ओघळते. भांडे आकारास आले की बुडाशी दुसरी सळई चिकटवून नळी तोडतात व काठ नीट करितात. शेवटी ते कोमट भट्टीत ठेवून अगदी सावकाश निववितात. ही शेवटची पायरी आळसाने वगळली, तर बाहेरचा भाग आधी आवळतो, आतला मागून आवळतो, आणि वरून धड दिसणारे भांडे चार दिवसांनी कोणी हात न लावता तडकते. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला असता काय होते, ते आपण पाहिलेच आहे, कारण तेच.

सीदोनाचे कारागीर ह्या कामात प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात एन्नियन नावाचा कारागीर साच्यात काच फुंकी व साच्यातच आपले नाव कोरून ठेवी. त्याच्या नावाची भांडी आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पूर्वी जे दिवसभरात होत नसे ते घटकेत होऊ लागले. आपला प्रभू नासरेथात सुतारकाम करीत होता त्या सुमाराचा लेखक स्ट्राबो सांगतो की, रोम शहरात काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्यास मिळे. ईयोबाच्या ग्रंथात सोन्याशेजारी बसलेली काच अशी गरिबाच्या ताटाशेजारी आली.

तरी ही स्वस्त काच हिरवट किंवा निळसर असे. स्फटिकासारखी बिनरंगी, निर्मळ काच मात्र दुर्मिळच राहिली. प्लिनी लिहितो की, सर्वांत अधिक मान तिलाच होता, आणि पिण्याच्या भांड्यांत तिने सोन्यारुप्यास मागे टाकले होते. प्रकटीकरण लिहिले गेले ते त्याच शतकात. योहानाने नुसती काच म्हटलेली नाही, शुद्ध व पारदर्शक काच म्हटले आहे. आमच्या तरुण उपदेशकाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: त्याने बाजारातली काच डोळ्यांपुढे आणली, आणि योहानाने राजाच्या मेजावरची.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तिच्यासाठीच हा पाठ लिहिण्याची आम्हांस घाई झाली. मोशेच्या नियमशास्त्रात विटाळलेले मातीचे भांडे फोडून टाकावे असे आहे (लेवीय ११:३३). धातूची भांडी अग्नीतून काढून शुद्ध करावी असे आहे (गणना ३१:२२, २३). काचेचे नाव दोहोंतही नाही. तेव्हा काच विटाळते की नाही? परंपरेप्रमाणे ख्रिस्तापूर्वी सुमारे दीडशे वर्षे योसे बेन योएजर व योसे बेन योहानान ह्या दोघा गुरूंनी काच विटाळते असे ठरविले. तिचे मूळ वाळू, म्हणजे ती मातीच्या जातीची, असे कारण पुढच्या शास्त्र्यांनी दिले. पण फुटलेली काच पुन्हा वितळवून भांडे होते, तसे मातीचे होत नाही. म्हणून ती धातूच्या जातीची, असेही म्हणणे निघाले आणि वाद वाढत गेला. वास्तविक काच काही शोषून घेत नाही. ती धुतली की तिच्यावर कोणाच्या ओठांचे काहीच उरत नाही.

हा वाद परका वाटावा असे आपल्या लोकांचे भाग्य नव्हते. चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी कोणासाठी होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, तरी ती कपबशी वळचणीतून खाली उतरण्यास कित्येक गावी पुष्कळ वर्षे लागली.

आमच्या माहितीच्या एका मंडळीत दुसऱ्या वस्तीतील काही कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चार महिन्यांनी वडीलमंडळापुढे अर्ज आला की, प्रभुभोजनाचा एक प्याला बंद करून प्रत्येकास काचेचा लहान निराळा प्याला द्यावा, कारण रोगराई. निराळे प्याले वापरणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ मंडळ्यांत ते आहेत, आणि क्षयाच्या किंवा तापाच्या साथीत त्यांचा उपयोग होतो. आम्ही इतकेच विचारले की, रोगराई ह्या चार महिन्यांतच आली काय? कोणी उत्तर दिले नाही. मग मागच्या बाकावरील एक म्हातारी बाई उठून म्हणाली, “प्याले आणा, पण धुऊन एकाच टोपलीत ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणाचा कोणाला जाईल ते कोणाला कळायचे नाही.”

अर्ज करणाऱ्यांनी ह्यावर विचार करण्यास मुदत मागितली आहे. वडीलमंडळाची सभा सुगीनंतर भरणार आहे.