नियम कोणासाठी?

आजचं चिंतन तैत्तिरीय उपनिषदातल्या शीक्षावल्लीच्या अकराव्या अनुवाकावर.

शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य नियम सांगतात: खरेपणा, धर्माने वागणं, अभ्यासात हयगय न करणं. शाळेच्या डायरीतली पहिली पानं आठवली ना? पण पुढे ते म्हणतात की आमचं चांगलं वागणं तेवढंच घे, बाकीचं सोडून दे. मला हे फार मोठं वाटतं. नियम सांगणारा स्वतःलाही त्याच मापाने मोजतो.

माझी भाची आठवीत आहे. उशीर झाला की पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं. सर उशिरा आले तर मात्र चालतं. "मग मीच का पाळू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वेळ पाळ, कारण बुडतो तो तुझा तास. पण प्रश्न तुझा रास्त आहे."

संभ्रम पडला तर विचारी आणि कठोर नसलेल्या माणसांचं वागणं बघ, असंही हाच अनुवाक सांगतो. म्हणजे शिस्त हवी, पण रुक्षपणा नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 सुद्धा मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई करतं.

आज धाकट्यांना एखादा नियम सांगण्याआधी तो स्वतः पाळून बघूया.