आधी घराचं वर्ष, मग हजेरीपट

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, नागपूर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावर किन्हीराजा आहे. या गावात आणि आसपासच्या खेड्यांत, तांड्यांवर मी समाजशास्त्राच्या संशोधनासाठी बरीच वर्षं फिरते आहे. कर्ज, स्थलांतर, लवकर होणारी लग्नं आणि मुलांचं शिक्षण यांचे धागे एकमेकांत कसे गुंततात, हा माझा विषय. अलीकडे एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करणारी बरीच मुलं-मुली हाच विषय घेतात. क्षेत्रकार्याला निघण्याआधी त्यांनी वाचावं, म्हणून हे अनुभवाचे बोल.

1. आधी घराचं वर्ष मांडा

उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पाऊस वेळेवर आला तर शाळेची घंटा आणि सोयाबीनची पेरणी एकाच सुमाराला येते. दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी, मग मळणी, पुढे कपाशीची वेचणी, तूर, हरभरा. ज्यांना शेत नाही किंवा पुरत नाही, ती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर निघतात. उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

हे वर्ष कागदावर काढलं आणि शेजारी शाळेचा हजेरीपट ठेवला की तो बोलायला लागतो. सहावीतल्या एका मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सलग होत्या, पण फक्त सोंगणीच्या पंधरवड्यात. तिची आई म्हणाली, "आमी दोघंबी सोंगणीले जातो, मॅडम. लहान्याले कोण पाहीन?" मुलगी अभ्यासात मागे का, याचं उत्तर त्या धाकट्या भावाच्या पाळण्यापाशी होतं. शाळेच्या चार भिंतींत बसून ते कधीच सापडलं नसतं.

2. आकडा कोणत्या महिन्याचा, ते विचारा

4 जुलै 2015 रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं एक दिवसाचं सर्वेक्षण झालं. पण दिवाळीनंतर गाव सोडणारी घरं जुलैत गावातच असतात. मुलांची नावं पटावर असतात, बरीचशी वर्गातही बसलेली असतात. तीच मुलं जानेवारीत फडावर, पाचटाच्या झोपडीत असतात. जुलैचा आकडा खरा असला, तरी जानेवारीतलं मूल त्यात दिसत नाही.

म्हणून दुय्यम सामग्री वापरताना तारीख तपासा. स्वतः मोजणार असाल तर एकाच गावात वर्षातून निदान दोनदा मोजा: पेरणी आटोपल्यावर आणि संक्रांतीनंतर. या दोन आकड्यांतला फरक तुमच्या प्रबंधाचं सर्वांत मोलाचं पान ठरेल.

3. कारणाचा रकाना एका शब्दात भरू नका

"शाळा का सोडली?" या प्रश्नापुढे प्रश्नावलीत चार-पाच पर्याय असतात, आणि त्यात "पालकांची उदासीनता" हमखास असते. एका बापाने मला पहिलं उत्तर दिलं ते असं: "पोरीचं शाळेत मनच नाई लागे." मी तिथेच बसून राहिले. हळूहळू बाकीचं बाहेर आलं. सोयाबीन पडत्या भावाने विकावं लागलं होतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं, आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी होती आणि संध्याकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही. थोरलीच्या लग्नाची उसनवारीही अजून फिटलेली नव्हती. यातलं एकही कारण एकटं शाळा सोडवत नव्हतं. सगळी एकाच वर्षी एकाच घरात आली, म्हणून शाळा सुटली.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडली होती. अत्यंत गरिबीमुळे, शिवाय गुरं राखायला आणि शेत पाहायला मुलं लागतात म्हणून खेड्यातला शेतकरीवर्ग शाळेपासून दूर राहतो, असं त्यांनी लिहिलं. नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवा, असंही सांगितलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांचीच मागणी. बापाला उदासीन ठरवण्याआधी प्रत्येक संशोधकाने ते निवेदन वाचावं.

4. जिथे शाळा सुटली नाही, त्या घरातही जा

शेतकरी आत्महत्यांवर मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्र यांनी 2006 साली मांडलेला अभ्यास आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली 111 घरं त्यांनी पाहिली, आणि ताडून पाहण्यासाठी आत्महत्या न झालेली 106 शेतकरी घरंही पाहिली. आत्महत्या झालेल्या सुमारे 87 टक्के घरांत कर्ज होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या जोडीला आणखी काही ना काही होतं. नुसती आत्महत्या झालेली घरं पाहिली असती, तर कोणत्या गोष्टीने फरक पडला हे कळायला मार्गच नव्हता.

शिक्षणाच्या अभ्यासातही तुलनेची हीच शिस्त पाळा. त्याच आळीत, तेवढंच शेत, तेवढंच कर्ज, आणि तरी मुलगी बारावीपर्यंत पोचली, असं घर शोधा. मला अशा घरांत बहुधा एक माणूस भेटतो: आजी, जी नातवंडं सांभाळून सुनेला मोकळं करते, किंवा मामा, जो भाचीला शिकायला आपल्याकडे ठेवून घेतो. धोरण आखणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे, कारण ज्या घरात ती आजी नाही, तिथे शासनाला तिची जागा घ्यावी लागेल.

5. मुलाला वाचायला द्या

पटावरचं नाव आणि येणारं अक्षर यांत अंतर असतं. पुण्याच्या गोखले संस्थेने साताऱ्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या नावाने 1955 साली त्या पुस्तकरूपात आल्या. शाळा सोडलेली माणसं पुन्हा निरक्षर होतात का, हा त्यातला एक प्रश्न होता. 'प्रथम' या संस्थेचं 'असर' सर्वेक्षण 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतं. वाशीमसारख्या जिल्ह्यात ही पद्धत फार उपयोगी आहे. मूल घरी, आईसमोर वाचतं, आणि त्याला किती येतं हे त्या क्षणी आईलाही कळतं.

6. चौदाव्या वर्षापाशी थांबू नका

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता आहे. मुलींच्या बाबतीत खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. आठवी झाली की रस्ता लांबतो, दहावी झाली की स्थळं येऊ लागतात. मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी आल्या, त्याने पुष्कळ फरक पडला. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही माफ झालं. पण त्यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांपर्यंत पोचायला आधी बारावी व्हावी लागते. म्हणून नमुना निवडताना वयाची रेघ अठरापर्यंत न्या आणि गाडीचं वेळापत्रक उतरवून घ्या. शाळा सुटल्यावर मुलगी किती वेळ थांब्यावर उभी राहते, अंधार पडायच्या आत घरी येते का, यावर तिचं पुढचं शिक्षण ठरतं.

7. माहिती विश्वासाने घ्या, आणि वेळेत परत द्या

संमतिपत्र पुढे केलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "सही नोको मांगू बाई. इचार तुले काय इचारायचं ते. सही केली का मांगून हप्ता येते." बचत गटाच्या कर्जापायी त्यांचा अंगठा कितीदा कागदावर उमटला होता. अशा ठिकाणी संमतीची माहिती वाचून दाखवा, तोंडी होकार घ्या आणि तशी नोंद करा. नावं गाळा. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तर घर ओळखू येईल असा एकही तपशील छापू नका.

आणि निघाल्यावर परत या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुमचे निष्कर्ष त्यांच्यापुढे त्यांच्या बोलीत मांडा. आईबाप कामाला गेले तरी मुलं गावातच राहून शिकावीत, यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. पण मुलांना सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हा निर्णय घरात दिवाळीपूर्वीच होतो. विद्यापीठाला प्रबंध कधीही चालेल. गावाला मात्र दोन पानांचा गोषवारा दसऱ्याच्या आत द्या. समितीने त्यावरून वसतिगृहाची मागणी वेळेत केली, तर त्या वर्षी काही मुलं फडावर न जाता वर्गात बसतील. आपल्या संशोधनाची कसोटी तीच.