घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे



"दिवसभर राबलाय माणूस, घोरतोय म्हणजे छान झोप लागली," असं आपण सहज म्हणतो. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद पडत असेल, थोड्या वेळाने माणूस गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेत असेल आणि परत घोरायला लागत असेल, तर ती गाढ झोप नाही. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. म्हणून हा आजार बहुतेक वेळा शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतो.

आजार किती वाढलाय, हे कसं ठरतं?

घोरण्याच्या आवाजावरून नाही. रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी करतात. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, की एक वेळ मोजतात. तासाला ५ ते १४ वेळा असेल तर सौम्य, १५ ते २९ मध्यम आणि ३० किंवा जास्त असेल तर तीव्र. आपल्या गटाच्या हिशोबासारखंच आहे: ६ तासांच्या झोपेत १८० वेळा, म्हणजे तासाला ३०.

पण नुसता आकडा पुरत नाही. ऑक्सिजन किती खाली गेला, दिवसा किती झोप येते, बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे का, हेही डॉक्टर बघतात. आकडा सौम्य असला तरी गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर ते हलक्यात घेऊ नका.

घरी विचारायचे आठ प्रश्न

१. बंद दाराबाहेर ऐकू येईल एवढं घोरणं आहे का?
२. दिवसा थकवा, पेंग येते का?
३. झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?
४. बीपी आहे का?
५. उंचीच्या मानाने वजन फार जास्त, म्हणजे बीएमआय ३५ च्या वर आहे का?
६. वय ५० च्या पुढे आहे का?
७. गळ्याचा घेर बाईचा १६ इंच, पुरुषाचा १७ इंच किंवा जास्त आहे का?
८. पुरुष आहे का?

तीन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरांना दाखवा. पाच किंवा जास्त आले तर अजिबात थांबू नका.

आपलं बायकांचं काय?

पाळी गेल्यावर बायकांनाही धोका वाढतो. आपल्यात मोठं घोरणं नसतंही. सततचा थकवा, सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार जाग येणं, चिडचिड, एवढंच दिसतं. मग "रक्त कमी असेल" म्हणून आपण गप्प बसतो. हिमोग्लोबिन जरूर तपासा, पण झोपेचंही सांगा. वरचे 'हो' कमी आले म्हणून त्रास अंगावर काढू नका.

दुर्लक्ष केलं तर?

बीपी वाढतो, कधी कधी गोळ्या चालू असूनही आटोक्यात येत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, हृदयविकार, लकवा आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकल चालवणाऱ्याला अपघाताची भीती वेगळीच.

काय करायचं?

आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगा, बीपी आणि साखर तपासून घ्या. झोपेतला मोबाईलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू सोडणं याचा फायदा होतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी श्वास आणखी अडकू शकतो. आजार जास्त असेल तर सीपॅप नावाचं यंत्र देतात. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. आणि कुठलंही ऑपरेशन असलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा त्रास आधीच सांगा.

पुढच्या बैठकीला शिवणकामाची टेप घेऊन या. बचतीची वही मिटली की दहा मिनिटं हे आठ प्रश्न एकमेकींना विचारूया, आणि घरी जाऊन घरच्यांनाही विचारा.